वडिवळ्याचा बोलर आणायला गेलो

लोक लोणावळ्याला हवा खायला जातात. मी तिथे एक माणूस धरून आणायला गेलो होतो. परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतोय, "काय हो, कसा झाला प्रवास? चिक्की आणलीत का?" चिक्की नाही आणली. काय आणलं ते सांगतो, पण पहिल्यापासून सांगू द्या आणि मधे बोलू नका. मी अजून पुरता सावरलेलो नाही.

ज्यांना क्रिकेटचा गंध नाही त्यांच्यासाठी आधी महादू कोण ते. वडिवळे हे कामशेत स्टेशनपासून आत, नाणे मावळातलं भाताचं गाव. तिथल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. पिकावरची पाखरं उठवायला गोफण फिरवून फिरवून खांदा तयार झालेला. लोणावळ्याला रेल्वेत खलाशी म्हणून लागला. तिथल्या मैदानावर एका गोऱ्या साहेबाने गंमत म्हणून त्याच्या हातात चेंडू दिला, आणि साहेबाचाच मधला स्टंप उडून मागे जाऊन पडला. तिथून तो आमच्या पुण्याच्या क्लबात आला, क्लबातून मुंबईच्या सामन्यांत गेला, आणि तिथून थेट विलायतेला, हिंदुस्थानच्या संघातून! तिकडच्या पेपरवाल्यांना त्याचं आडनाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याला गावाचंच नाव लावलं, तेही मोडून. त्याच्या वेगाने गोरे बॅट्समन कसे मागे मागे सरकले त्याची कात्रणं आमच्या क्लबच्या भिंतीवर चिकटवलेली आहेत. चिकटवली मीच. मी क्लबचा जॉइंट सेक्रेटरी, म्हणजे खळ बनवण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात.

संघ बोटीने परत आला, धक्क्यावर हारतुरे झाले, महादू गावी गेला, आणि संपलं! सामन्याला नाही, सरावाला नाही. खांदा गेलाय, एवढाच एक निरोप. आता परदेशचा संघ आपल्याकडे यायचाय आणि त्याच्यासाठी माणसं निवडायला पुण्यात सामना ठेवलाय. निवड करणाऱ्यांनी बजावून सांगितलं की या सामन्याला महादू दिसला नाही तर त्याचं नाव कायमचं कटाप. आमच्या कमिटीत मग गंभीर चर्चा झाली, भजी झाली, आणि सर्वानुमते मला गाडीत बसवलं गेलं. महादूसाठी मी खिशात एक कोरा लाल चेंडू ठेवला होता. लहान मुलाला खाऊ न्यावा तसा.

लोणावळा

थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. मुंबईच्या शेटजींचे बंगले दारंखिडक्या बंद करून बसले होते. स्टेशनात विजेवर चालणारं इंजिन उभं होतं, धूर नाही की फुसफुस नाही. असलं इंजिन बघून मला नेहमी वाटतं की गाडी बिघडलीय. इराण्याकडे दोन कप चहा घेतला, बोटांत जीव आला, आणि रेल्वेच्या मैदानाचा रस्ता धरला.

मैदानावर रेल्वेचे लोक खेळत होते. आणि महादू? महादू पलीकडच्या पट्ट्यावर रोलर ओढत होता! हिंदुस्थानचा बोलर, ज्याच्यासाठी विलायतेत लोक रांगा लावत होते, तो गुडघ्यापर्यंत धोतर खोचून रोलर ओढतोय. माझा आ वासला तो मिटेचना.

तेवढ्यात कोणीतरी फटका मारला आणि चेंडू गवतावरून धावत नेमका त्याच्या पायाशी आला. आता हा उचलणार आणि फेकणार, असं मी बघतोय, तर त्याने काय करावं? रोलर सोडला आणि दोन पावलं मागे सरला! सोवळ्यातल्या माणसाने ओवळ्याला शिवू नये म्हणून सरावं, तसा. तिकडून फील्डर धापा टाकत आला, चेंडू घेऊन गेला, त्याला यात काही नवल वाटलं नाही. मीच तिथे खुळ्यासारखा उभा.

"महाद्या!" मी ओरडलो. "अरे, चेंडू उचलायलाही खांदा लागतो का रे?"

त्याने मला ओळखलं. तोंडभर हसला, आणि हसू लगेच मावळलं.

"साहेब, तुमी? हितं कुटं?"

"तुझ्यासाठी! दुसरं माझं काय आहे इथे? दाखव बघू खांदा."

त्याने मुकाट्याने सदऱ्याचं बटण काढलं. मी दाबला, ओढला, हात गोल फिरवला. लोखंड, हो, निव्वळ लोखंड! दुखण्याचा मागमूस नाही. मी खिशातून कोरा चेंडू काढून त्याच्यापुढे धरला. त्याने हात पाठीमागे बांधले आणि मान फिरवली. डोळ्यांत पाणी तरारलेलं मला स्पष्ट दिसलं.

"ठेवा त्यो आत," तो म्हणाला. "चला घरला. वाटंत सांगतो. पर आयेला बोलायचं न्हाई." मी शब्द दिला.

वडिवळे

कामशेतला उतरून आम्ही बांधाबांधाने निघालो. भात कापून झालेलं, खळ्यांवर झोडणी चाललेली, आंबेमोहोराचा वास सगळ्या खोऱ्यात भरलेला. आमच्या पुण्यात हा वास फक्त सणासुदीला ताटातून येतो; इथे वाऱ्यावर फुकट. एका बांधावरून माझा पाय घसरला आणि बूट चिखलात रुतून बसला. महादूने तो एका हाताने उपटून काढला, त्याच दुखऱ्या हाताने बरं का. मी बुटाचा चिखल झाडत दगडावर बसलो आणि म्हणालो, "आता बोल, नाहीतर मी इथून हलत नाही."

तो बोलला. मी जसं ऐकलं तसं सांगतो.

महादू बोटीवर चढला तेव्हा त्याच्या आईने कार्ल्याच्या डोंगरावरच्या एकवीरेला नवस बोलला. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पोरगं सुखरूप घरी येऊ दे, त्याला जे सगळ्यांत आवडतं ते तो तुझ्यापुढे सोडील, असा नवस. असं सोडणं आपल्यालाही नवं नाही. माझ्या आत्याने काशीला आंबा सोडला. ती दर उन्हाळ्यात सगळ्या घराला आंबे चिरून वाढते, पण स्वतः बोटसुद्धा चाटत नाही, आणि थट्टेने कोणी फोड पुढे केली तर चार हात लांब पळते. तर महादू परत आल्यावर आई त्याला नवस फेडायला डोंगरावर घेऊन गेली. तिथली रीत अशी की काय सोडलं ते मोठ्याने बोलायचं नाही. देवीसमोर हात जोडून मनात म्हणायचं, आणि मनात जे येईल ते त्या घडीपासून सुटलं.

"मला खेकड्याचं कालवन लय आवडतं, साहेब. ल्हानपनापासनं. आयेच्या मनात तेच व्हतं. म्या बी तेच ठरवून गेलतो. डोळं मिटलं, हात जोडलं..." तो थांबला.

"आणि?"

"आनि मनात चेंडू आला."

मी हातातला बूट खाली ठेवला.

"म्या लय परयत्न केला. खेकडं आठवाया लागलो, रस्सा आठवला, त्यावरची तर्री आठवली. पर चेंडू हालंना. त्याची शिवन सुदिक दिसाया लागली. म्हंजे खरं आवडतं त्येच की! तिच्याम्होरं हुबं ऱ्हाऊन खोटं कसं बोलू?"

मी भडकलो. उसळून उठलो, तसाच, एकाच पायात बूट. "अरे वेड्या! देवीला काय करायचाय क्रिकेटचा चेंडू? ती काय बोलिंग टाकणार आहे? आणि मनात आलं ते कोणाला कळलं? खेकडे आले होते म्हणायचं!"

"मला कळलं की," तो शांतपणे म्हणाला.

आईला हे सांगितलं तर ती झुरून मरेल, म्हणून त्याने खांद्याची थाप मारली होती. शिवाय तिच्या समाधानासाठी खेकडेही खात नव्हता. दोन्हीकडून उपास!

घरी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. महादूची आई अंगणात भात पाखडत होती. वाळकी, उंच, नाकात मोरणी, नजर अशी की खिशातलं दिसावं. मी नमस्कार केला, "मावशी, पुण्याहून आलोय," म्हणालो. तिने गूळ घातलेला काळा चहा दिला. मी बामण म्हणून माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठलं टाकलं, वर आंबेमोहोराचा भात आणि घरचं तूप. खोटं नाही सांगत, तसा भात मी पुण्यात कोणाच्या लग्नातही खाल्लेला नाही.

जेवण होताच ती निरगुडीचा पाला गरम करून आली आणि महादूचा खांदा शेकायला बसली. धडधाकट खांदा तो! ती फुंकर घालतेय, चोळतेय, हा निमूट मान खाली घालून "हूं, हूं" करतोय. मला तिथे बसवेना. हा काय प्रकार आहे, माझ्या मनात आलं, दोघं एकमेकांच्या मायेपायी एकमेकांना मारतायत की!

महादू बैलांना वैरण टाकायला बाहेर गेला. म्हातारीने पाला खाली ठेवला.

"साहेब, तुमी शिकल्यालं मानूस. खरं सांगा. ह्याच्या खांद्याला काय झालंय?"

"मावशी, मी काही डॉक्टर नाही."

"परवा भाताचं पोतं ह्याच हातानं माळ्यावर फेकलं त्यानं. आन् दुकतं कुटं इचारलं की रोज येगळी जागा दावतो. मी काय आंधळी हाय व्हय? खोटं बोलतो त्येवडं कळतं मला. का बोलतो त्ये कळत न्हाई."

मी महादूला शब्द दिला होता. पण ती बाई अशी समोर बसलेली, पाल्याने हात हिरवे झालेले... मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "खेकडं न्हाई?"

"नाही, मावशी."

"मंग म्या इतकं दिस त्याला खेकडं करून घातलं न्हाई त्ये?"

मला हसू फुटायला आलं आणि त्याच क्षणी तिने दोन्ही हातांनी आपलं थोबाड बडवून घेतलं. "आगं आये गं! म्याच की! म्याच त्याचा हात तोडला की!" मी तिचे हात धरायला धावलो. बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या आणि महादूला काही पत्ता नव्हता.

तो आत आला तोवर तिने डोळे पुसले होते. "उद्या डोंगरावर जायाचं," एवढंच ती म्हणाली. "सायेब बी येत्याल." महादूने माझ्याकडे पाहिलं. मी तुपाच्या वाटीकडे पाहिलं.

कार्ल्याचा डोंगर

मळवलीला उतरून चालत गेलो. माझ्यासारख्या गुडघेदुख्या माणसाने कार्ल्याचा डोंगर चढावा का, हा प्रश्न मी प्रत्येक वळणावर स्वतःला विचारला. म्हातारी अनवाणी, आणि आमच्या दोघांच्या पुढे. वर ती दगडातली प्रचंड लेणी आहेत. आत गेलं की माणूस आपोआप आवाज खाली करतो. लेण्याच्या तोंडाशीच देवीचं लहानसं देऊळ. एकीकडे बुद्धाची शांतता, एकीकडे नवसाचे बकरे आणि ढोल. मी आपलं नाक-कान जपत एका खांबाशी उभा राहिलो.

गुरव म्हातारा होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. "न्हाई, बाई. दिल्यालं मागं घेत न्हाईत."

"मागं कोन घेतंय?" ती कडाडली. आसपासचे लोक वळून बघायला लागले. "नवस म्या बोलली. मग पोरानं का फेडायचा? माज्याकडनं घ्या. बदलून देती मी!"

"आये!" महादू पुढे झाला. त्याला आत्ता कळत होतं की तिला सगळं ठाऊक आहे. पांढराफटक पडला तो.

गुरव विचारात पडला. मग म्हणाला, "बदली चालंल. पर पोराचं त्येच्या जिवाचं व्हतं. तुजं बी तसंच पायजे. उगा तंबाकूच्या मिशरीवर भागायचं न्हाई. हात जोड, आन् मनात बोल."

मला वाटलं, मिशरीच असणार. तिच्या दातांवरून दिसतच होतं. म्हातारीने डोळे मिटले. ओठसुद्धा हलले नाहीत. ढोल थांबले, पुन्हा सुरू झाले, तरी ती तशीच. शेवटी तिने डोळे उघडले, वळून महादूकडे पाहिलं. भरल्या शेताला विळा लावायच्या आधी शेतकरी बघतो, तसं पाहिलं. आणि मग मला म्हणाली, "सायेब, तुमच्या खिशातला त्यो चेंडू देवीच्या पायावर घाला. आन् द्या त्याला."

मी दिला. कुंकू लागलेला लाल चेंडू. महादूने तो आधी ओंजळीत घेतला, मग बोटं आपोआप शिवणीवर गेली. त्याच्या तोंडावर जे काही उमटलं ते मला लिहिता येत नाही. मी म्हातारा माणूस त्या गर्दीत ढसाढसा रडलो.

डोंगराच्या पायथ्याशी एक मोकळं शेत होतं आणि कडेला एकटी शिळा. "टाकतोस?" मी म्हणालो. त्याने धोतर खोचलं, लांबून धावत आला. बाप रे! हात कानाजवळून गेला तेवढा दिसला. चेंडू मला दिसलाच नाही, शिळेवरचा टणत्कार तेवढा ऐकू आला, आणि बगळे उठले. इतके महिने चेंडूला हात न लावलेला माणूस हा! मी नाचलो, टोपी उडवली. "मावशी, बघितलंत का?"

ती पुढे वाटेने चालली होती. वळली नाही. दमली असेल, मी म्हणालो. घरी गेल्यावरही ती महादूशी बोलली नाही. काही सांगायचं तर मला सांगायची. "त्याला म्हनावं कपडे बांद." मला वाटलं, खोटं बोलला म्हणून रुसलीय.

कामशेत

सकाळी ती स्टेशनवर पोचवायला आली. हातात फडक्यात बांधलेलं जड गाठोडं. फलाटावर आम्ही तिघंच आणि एक पोर्टर. मी भलताच खुशीत होतो. कमिटीपुढे काय भाषण ठोकायचं ते मनात जुळवत होतो.

गाडीचा आवाज आला. महादू आईच्या पाया पडायला वाकला.

ती दोन पावलं मागे सरली.

सर्रकन काटा आला माझ्या अंगावर. मैदानावर चेंडूपासून महादू सरला होता, आंब्याच्या फोडीपासून माझी आत्या सरते, तसंच, अगदी तसंच! मिशरी नव्हे हो. डोंगरावर हात जोडून त्या बाईने मनात काय म्हटलं होतं, ते मला तिथे, त्या फलाटावर कळलं. तिने मुलगा सोडला होता.

महादूला कळायला वेळ लागला नाही. त्या वाटेने तो स्वतः जाऊन आलेला. वाकलेला तसाच राहिला, हात जमिनीवर. "आये," तो म्हणाला. "न्हाई जायाचं मला. आये, मला न्हाई खेळायचं!"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "सायेब, त्याला म्हनावं, गाडी आली. आन् चांगली फेक म्हनावं. लय म्हाग पडलीया."

मी काय करणार होतो? त्याला दंडाला धरून डब्यात चढवला. त्या लोखंडी खांद्यात काही जोर राहिला नव्हता. खिडकीत मी बसलो, माझ्या पलीकडे तो, तोंड झाकून. पुण्याच्या सामन्यात त्याने काय केलं ते पेपरांत आलंच आहे, मी सांगत बसत नाही. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते. मला टाळीसाठी हात उचलवला नाही.

गाडी हलायच्या आत म्हातारी खिडकीशी आली आणि ते गाठोडं तिने माझ्या मांडीवर ठेवलं. अजून गरम होतं. फडक्यातून वास आला. खेकड्याचं कालवण!

"ह्ये तुमच्यासाठी केलंय," ती म्हणाली.

"मावशी, अहो, मी हे खात नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"व्हय का?" तिने पदराने गाठोड्याची गाठ घट्ट केली. डोळे माझ्यावरच, तसूभरही पलीकडे नाहीत. "मंग वाटंत कुनाला बी द्या."